तांबुळवाडीस न पोहोचलेल्या होडीची बखर

श्री

शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी लिहून पुरी केली. ज्याने पाणी निर्मिले आणि पाण्यास काठ दिला त्यास नमन असो, आणि काठ सोडून पाणी गावात शिरले त्यात जे गेले त्यांचे स्मरण असो. हकीकत ऐसीजे.

एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. राज्यात एक थोर नदी, तिच्या दोहो तीरी बहात्तर गावे, आणि दर दोन-चार वर्षांनी नदी चढे, तेव्हा सरकारच्या होड्या निघत आणि माळवदांवरून, झाडांवरून माणसे काढून आणीत. कोणती होडी कोणत्या गावी धाडावी हा कारभार राजधानीत पूरकचेरीत चाले. कचेरीच्या भिंतीस एक लांबरुंद फळी, तीवर गावांची नावे रंगविलेली, दर नावाखाली एक खिळा, आणि दर होडीची एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, तीस भोक. होडी धाडणे जाहले तर तिची चिठ्ठी उचलून त्या गावाच्या खिळ्यास अडकवावी आणि मग नावाड्यास फोनवरून हुकूम सांगावा, ऐसा शिरस्ता. हे काम बावीस वर्षे द्वारकाबाई निगडे करीत आल्या. बाई उंच, सडसडीत, बोलणे मोजके, आणि आठ पूर त्यांच्या हातून निभावले होते, त्यात एक होडी चुकीच्या गावी गेली ऐसे कोणी म्हटले नाही.

पुढे गुणाजीराव चौरे दिवाण जाहले. दिवाण हुशार, बोलके, आणि उतावळे. त्यांनी फळी पाहिली आणि म्हणो लागले जे, चिठ्ठी अडकवावी, मग फोन लावावा, मग फोन लागत नाही म्हणून पुनः लावावा, तोवर नदी वाट पाहत नाही. तरी हे सर्व संगणकावर आणावे. पडद्यावर एके बाजूस होड्या, दुसरे बाजूस गावे, बाईंनी माऊसने होडी उचलावी आणि गावावर ठेवावी, आणि ठेवताच हुकूम आपोआप नावाड्याच्या हातातील यंत्रावर जावा. यास कारागीर लोक ड्रॅग-ड्रॉप म्हणतात. दिवाणांनी त्यास उचल-ठेव ऐसे नाव दिले आणि कचेरीत तेच रूढ जाहले. मग हे काम करावयास सुधन्वापंत पेठकर यांस बोलाविले. पंतांचे वय छत्तीस, सॉफ्टवेअरचे काम बारा वर्षे केलेले, स्वभाव भिडस्त, कामात बारीक. एकदा बोलून पाहावे, समोरचा नको म्हणाला तर गप्प राहावे, ऐसी त्यांची रीत होती, आणि ही रीत सभ्यपणाची आहे ऐसे त्यांस तोवर वाटत आले होते.

पंतांनी पहिले पंधरा दिवस संगणकास हात लावला नाही. फळीपाशी खुर्ची घेऊन बसले आणि द्वारकाबाईंचे हात पाहिले. बाई सरावासाठी जुन्या पुरांचे कागद काढून चिठ्ठ्या लावीत, आणि पंतांच्या ध्यानी आले जे, बाई उजव्या हाताने चिठ्ठी उचलतात, परंतु लगेच अडकवीत नाहीत, डाव्या हाताच्या बोटाने आधी खिळ्यास स्पर्श करितात, आणि मगच चिठ्ठी तेथे नेतात. पंतांनी विचारिले, हे कशासाठी. बाई म्हणाल्या, "चिठ्ठी हातात असली म्हणजे ती पाहावी लागत नाही, हातास कळते. मग डोळा मोकळा राहतो. तो गावाकडे लावायचा." हे वाक्य पंतांनी वहीत उतरून घेतले, आणि त्यावरून पडद्यावर ऐसे केले जे, उचललेली होडी हाताखाली फिकट होऊन चालावी, म्हणजे तिच्या आडून गावाचे नाव दिसावे, आणि ज्या गावावर ती येईल त्या गावाची ओळ पिवळी उजळावी, म्हणजे बाईंचे डावे बोट तेथे लागले ऐसे व्हावे. होडी जेथून उचलली तेथे तिची पुसट खूण राहावी. रिकाम्या जागी सुटली तर ती डोळ्यांदेखत आपल्या ठिकाणी परत जावी, एकाएकी नाहीशी होऊ नये. आणि माणसाचा हात थोडा कापतोच, तरी नुसते बटण दाबले म्हणून उचलले ऐसे समजू नये, माऊस चार ठिपके सरकला म्हणजेच उचलले समजावे. हे सर्व पंत करीत गेले आणि बाई वापरून पाहत गेल्या. बाईंस माऊसचा सराव नव्हता, पहिले आठ दिवस होडी हातून निसटे आणि बाई ओशाळत, तेव्हा पंत त्यांस म्हणत, तुमचे चुकत नाही, माझे चुकते आहे, आणि पुनः बदल करीत. फाल्गुन संपता बाईंचा हात बसला. डब्यात थालीपीठ असले म्हणजे त्या अर्धे पंतांस देत आणि पंत तेथेच पडद्यापुढे बसून खात.

चैत्रात पंतांनी परीक्षा मांडिली. दुसऱ्या संगणकावरून खोट्या पुराचे निरोप सोडिले आणि स्वतः होड्या ठेवो लागले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवाणांचा हुकूम होता जे, गावांची यादी जिवंत असावी, म्हणजे ज्या गावी पाणी जास्त ते आपोआप वर चढावे, नवा निरोप आला की आपल्या जागी घुसावा, बाकीच्यांनी खाली सरावे. हे वाजवी होते. परंतु पंतांनी होडी उचलली, एका गावावर नेली, ओळ पिवळी जाहली, बोट सुटले, आणि होडी वरच्या गावावर पडली. पंत चकित जाहले, पुनः केले, पुनः केले, शंभरदा केले तेव्हा आणिक एकदा तैसेच जाहले. मग उमजले जे, बोट उचलावे ऐसा निश्चय होणे आणि बोट सुटणे यांच्या मधल्या पळात नवा निरोप वर घुसला, सर्व यादी एक ओळ खाली सरली, आणि होडीखाली दुसरेच गाव आले. बोटाने एक गाव पाहून निश्चय केला, यंत्राने दुसरे लिहिले. पिवळी ओळही बदलली होती, परंतु ती पाहावयास डोळ्यास अवधी नव्हता. उपाय उघड होता. हातात होडी असेतो यादी जागच्या जागी उभी ठेवावी आणि होडी ठेवली म्हणजे पुनः चालू करावी. करावयास मात्र महिना लागता, कारण यादीस बारा ठिकाणांहून हात लागत होता आणि ते सर्व उकलून पुनः बांधणे होते.

पंत दिवाणांकडे गेले आणि सर्व सांगितले. दिवाणांनी विचारिले, शंभरात किती वेळा. पंत म्हणाले, एकदा, क्वचित दोनदा. दिवाण म्हणाले जे, अक्षय्य तृतीयेस हुजूर स्वतः पाहावयास येणार, मोठ्या पडद्यावर गावे वर-खाली चढताना पाहणार, आणि तुम्ही म्हणता यादी थांबवा. बाई होडी हातात धरून पाणी प्यावयास गेल्या तर राज्यातील बहात्तर गावे तोवर गोठली काय. यास पंतांपाशी उत्तर होते. दहा अंक मोजावेत आणि होडी आपोआप सोडून द्यावी, इतके सोपे उत्तर. परंतु दिवाणांच्या कपाळी आठी पडली होती आणि बाहेर दुसरे लोक तिष्ठत होते, तरी पंतांनी ते सांगितले नाही. निदान ठेविल्यावर एकवार विचारावे, खरेच येथे धाडावयाची काय, ऐसे ते म्हणाले. तेही दिवाणांनी नाकारिले. खिळा कधी बाईंस विचारीत नव्हता, ऐसे म्हणून हसले, आणि पावसाळ्यानंतर पाहू, ऐसे बोलून पंतांस निरोप दिला. पंत जागेवर आले आणि वहीत लिहिले, "होडी हातात असता यादी सरकते. पावसाळ्यानंतर पाहणे." लिहिल्यावर त्यांस हलके वाटले, जणू लिहिले म्हणजे काही केले. द्वारकाबाईंस सांगावे ऐसे दोनदा मनात आले. मग वाटले, बाईंचा हात आताच कोठे बसला आहे, ऐकून बिचकतील, ठेवताना थबकतील, आणि थबकण्यानेच अधिक चुका होतील. ऐसे म्हणून सांगितले नाही. अक्षय्य तृतीयेस हुजूर आले, गावे वर-खाली चढली, हुजूर संतोष पावले. ज्येष्ठात फळी भिंतीवरून उतरवून कोठीत टाकिली आणि द्वारकाबाई पडद्यापुढे बसो लागल्या.

श्रावण वद्यात वरच्या खोऱ्यात तीन दिवस पाऊस तुटला नाही आणि नदी पात्र सोडून चालली. नवमीस सकाळी एकेचाळीस होड्या पाण्यावर होत्या. बाई सूर्योदयापासून बसल्या, दोन कारकून फोन घेऊन आलेले निरोप यंत्रात भरीत, बाईही एक फोन मानेशी धरून घेत, आणि पंत मागे उभे, यंत्रास काही होऊ नये म्हणून. मध्यान्हापर्यंत बाईंनी साठांवर वेळा होड्या ठेविल्या आणि सर्व जेथल्या तेथे गेल्या. पूर्वी ज्यास दोन घटका लागत ते पळात होत होते, आणि हेही खरे जे, त्या दिवशी त्या यंत्राने पुष्कळ माणसे वाचली. पंतांचा ऊर त्या सकाळी भरून आला होता. चैत्रातली गोष्ट त्यांच्या ध्यानात नव्हती ऐसे नाही, ध्यानात होती, आणि होत नाही ना, होत नाही ना, ऐसे ते दर होडीस मनात म्हणत होते.

तिसऱ्या प्रहरी तांबुळवाडीहून राणू कोतवालाचा फोन आला. गावात पाणी शिरले, बहुतेक लोक सकाळीच टेकाडावर गेले, मागे राहिलेली अकरा माणसे चावडीच्या माळवदावर आहेत, त्यात दोन म्हातारी, एक बाळंतीण. बाईंनी अकरा नावे विचारून लिहून घेतली आणि धोंडजी नावाड्याची नऊ नंबरची होडी उचलली. तांबुळवाडीच्या वरच्या ओळीत नांदखेड होते, तेथे होडी आधीच पोहोचली होती, माणसे चढत होती. बाईंनी होडी तांबुळवाडीवर नेली, ओळ उजळली, आणि त्याच पळी वरच्या अंगाच्या एका गावाचा निरोप आला, यादी सरली, बोट सुटले. होडी नांदखेडावर पडली. पंतांनी त्या पळी पडद्याकडे पाहिले नव्हते. फोनवाला कारकून त्यांस काही विचारीत होता. बाईंनी होडी हातून गेलेली पाहिली, आणि लगेच दुसरा फोन मानेशी आला, तो घेतला. मग निरोपांमागून निरोप आले आणि तांबुळवाडीची ओळ खाली खाली जात पडद्याबाहेर गेली. थोड्या वेळाने राणू कोतवालाने पुनः फोन करून पुसले जे, होडी निघाली काय. बाईंनी सांगितले, "निघाली. आहात तेथेच बसा, येतेच आहे."

धोंडजी नांदखेडास पोहोचला तेव्हा तेथे कोणी उरले नव्हते. त्याने फोन केला, येथे कशास धाडिले. बाई म्हणाल्या, नांदखेड नव्हे, तांबुळवाडी, तांबुळवाडी, आणि त्यांचा आवाज ऐकून कचेरीतील सर्वांनी माना वळविल्या. धोंडजीने होडी फिरवली, प्रवाह उलटा, पाऊण तास लागला. तो गेला तेव्हा चावडी नव्हती. उंबराच्या झाडास चार माणसे धरून होती ती त्याने काढिली. सात गेली. त्यात राणू कोतवालही गेला.

चौथे दिवशी चौकशी बसली. हुजुरांचे न्यायाधीश मधोमध, उजवीकडे दिवाण, समोर द्वारकाबाई उभ्या, आणि वाचलेल्या चारांपैकी एक, काळू सुतार नावाचा, बाकावर बसला होता. न्यायाधीशांनी त्यास विचारिले, उंबर चावडीपासून हाकेवर होता, तर सर्वजण आधीच तिकडे का गेले नाहीत. काळू म्हणाला, "कोतवाल म्हणाला, बाईंनी सांगितलंय होडी निघाली, बसून राहा. म्हणून बसलो. आम्ही चौघं पाणी गुडघ्याला लागल्यावर उतरलो. बाकीचे म्हणाले, आता येईलच." मग न्यायाधीशांनी बाईंस विचारिले. बाई म्हणाल्या जे, होडी मी तांबुळवाडीवर ठेविली. तेव्हा दिवाण म्हणाले, यंत्र प्रत्येक उचल-ठेव लिहून ठेविते, तरी ते पाहावे, आणि सुधन्वापंतांस आज्ञा जाहली जे, नोंद वाचून दाखवा. पंत उठले. नोंदीत लिहिले होते ते त्यांनी वाचले. तिसरा प्रहर, अमुक पळ, द्वारकाबाई निगडे यांनी होडी नऊ नांदखेड येथे ठेविली. वाचले त्यातील एक अक्षर खोटे नव्हते. होडी कोठे पडली ते यंत्राने लिहिले होते, यादी सरली ते लिहिलेच नव्हते, कारण ते लिहावे ऐसे पंतांनी कधी योजिले नव्हते. वाचून जाहल्यावर पंत उभे राहिले, काही बोलावे म्हणून तोंड उघडले, आणि न्यायाधीशांनी पुसले, आणखी काही. दिवाण पंतांकडे पाहत होते. पंत म्हणाले, नाही, आणि खाली बसले. बाईंनी तो कागद हातात मागितला, दोनदा वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, "कागदात तसं असेल तर माझ्याच हातून झालं असेल." ते दिवशीच बाईंस कामावरून दूर केले.

पंत घरी आले. पुढील अकरा दिवस ते कचेरीत जात, काम करीत, कोणाशी बोलत नसत. चैत्रातील खोट्या पुराचे निरोप त्यांनी पुनः सोडिले आणि दिवसभर बसून होड्या ठेविल्या, या आशेने जे, कदाचित ते कारण नसेल, कदाचित बाईंचा हातच चुकला असेल. ही आशा त्यांनी धरिली याची त्यांस नंतर सर्वांहून अधिक लाज वाटली. सव्वाशे वेळा होडी नीट पडली. मग एकदा सरली. पुराच्या दिवसाच्या नोंदी काढून पळ जुळवून पाहिले, तर वरच्या गावाचा निरोप आणि बाईंचे बोट एकाच पळी होते. मग पंत दिवाणांकडे गेले आणि म्हणाले जे, हे मी आपणांस चैत्रात सांगितले होते.  दिवाणांची चर्या रागाची नव्हती, थकलेली होती. मग म्हणाले, "सांगितलेत. एकदा सांगितलेत. पंत, माणसे मरतील ऐसे वाटत होते, तर दुसऱ्यांदा का सांगितले नाहीत?"  पंत तेथून उठले आणि परभारे न्यायाधीशांकडे गेले.

भाद्रपद शुद्ध द्वादशीस चौकशी पुनः बसली. पंतांनी संगणक सभेत आणविला, खोटे निरोप चालू केले, आणि न्यायाधीशांस विनंती केली जे, आपण स्वतः होडी उचलावी, वाटेल ते गाव मनात धरावे, मोठ्याने नाव घ्यावे आणि त्यावर ठेवावी. न्यायाधीश वृद्ध, माऊस धरावयाची सवय नाही, तरी बसले. गावाचे नाव घेत आणि होडी ठेवीत. वीस जाहल्या, तीस जाहल्या, सर्व नीट पडल्या, आणि सभेतील लोक चुळबुळो लागले. चव्वेचाळिसाव्या वेळी न्यायाधीशांनी एका गावाचे नाव घेतले आणि होडी दुसऱ्यावर पडली. न्यायाधीश पडद्याकडे पाहत राहिले, मग आपल्या बोटाकडे पाहिले. म्हणाले, "मी तेथे ठेविली नाही." पंत म्हणाले, "नाही. आपण ठेविली नाही. बाईंनीही ठेविली नव्हती. हे मला चैत्रापासून ठाऊक आहे, आणि नोंद वाचली त्या दिवशीही ठाऊक होते." 

निवाडा जाहला तो ऐसा. द्वारकाबाई निर्दोष, त्यांस मानाने परत बोलवावे. दिवाणांस पूरकचेरीवरून काढून रस्त्यांच्या खात्यावर नेमिले. पंतांस काय करावे यावर मसलत जाहली आणि ठरले जे, यंत्राची नस यांसच ठाऊक, दुसरा कोणी ते दुरुस्त करू शकत नाही, तरी यांनीच दुरुस्त करावे. आपणांस दंड व्हावा ऐसी पंतांची इच्छा होती, तो जाहला नाही, आणि हे त्यांस जड गेले.

मग पंत द्वारकाबाईंच्या घरी गेले. निवाड्याचे पत्र त्यांच्या आधीच पोहोचले होते, ते दाराशी कोनाड्यात फोडल्यावाचून पडले होते. बाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसल्या होत्या. पंतांस बसावयास पाट दिला, पाणी दिले. पंतांनी सर्व सांगितले, आडपडदा ठेविला नाही. बाई शेंगा फोडीत ऐकत होत्या. मग थांबल्या.

"म्हणजे मी पडद्यापुढे बसायच्या आधीपासून तुम्हांला माहीत होतं."

"होय, बाई."

"आणि सभेत वाचलंत तेव्हाही."

"होय."

बाईंनी हात पदरास पुसले. म्हणाल्या, "एकवीस दिवस झाले. बोट आधी उचललं का, नंतर उचललं, हेच करत्ये मनात. घरात गणपती बसले नि गेले, मी दुर्वा वाहिल्या नाहीत. सुनेला सांगितलं, तू वाहा. मला वाटलं, या हातानं कशाला." पंतांनी मान खाली घातली. क्षमा मागावी म्हणून शब्द जुळवून आले होते, परंतु बाईंनी त्यांस क्षमा मागू दिली नाही. कामावर याल काय, ऐसे पंतांनी विचारिले. बाई म्हणाल्या, नाही. कोतवालास बसा म्हणून मी सांगितले, ते तर यंत्राने सांगितले नाही, ते माझ्याच तोंडून गेले. पंत म्हणाले, ते माझ्यामुळे गेले. बाई म्हणाल्या, असेल, पण आवाज माझा होता. मग त्यांनीच विचारिले, "तांबुळवाडीची ओळ यादीत अजून आहे का?" पंत म्हणाले, आहे. माणसे सुटली ऐसी नोंद जाहल्यावाचून ओळ जात नाही, आणि चारच सुटली, तरी ती तशीच उभी आहे, कोणी हात लावीत नाही. बाई म्हणाल्या, "ती तुम्ही काढा. दुसऱ्या कुणाच्या हातून काढवू नका."

पंत दीड महिना यंत्र उकलून बसले. यादीस जेथे जेथे हात लागत होता ती बाराही ठिकाणे सोडवून बांधिली. आता हातात होडी असेतो यादी उभी राहते, नवे निरोप बाजूस थांबतात, आणि होडी ठेविल्यावर एक एक आपल्या जागी येतात. दहा अंकांत ठेविली नाही तर होडी आपोआप परत जाते. आणि पंतांनी आणिक एक सोय घातली जे, काही ठेविले म्हणजे खाली एक पट्टी उमटते, तीवर लिहिलेले असते, "मागे घ्यावे काय?" तेथे बोट लाविले तर केलेले न केल्यासारखे होते. नाही लाविले तर दहा अंकांनी पट्टी विझते आणि मग मागे घेता येत नाही.

कार्तिकात एके सकाळी कचेरी उघडताच पंत पडद्यापुढे बसले. तांबुळवाडीची ओळ उघडली. आत अकरा नावे, द्वारकाबाईंनी फोनवर ऐकून लिहिलेली, घाईतही शुद्ध. बाजूस दोन रकाने, एक सुटलेल्यांचा, एक गेलेल्यांचा. चार नावे पंतांनी पहिल्या रकान्यात ठेविली. मग पारूबाई सुतार, वय सत्तर, हे नाव उचलले. ते हाताखाली फिकट होऊन चालले, दुसरा रकाना उजळला, आणि पंतांनी ठेविले. खाली पट्टी उमटली, मागे घ्यावे काय. पंतांनी माऊसवरून हात काढून मांडीवर ठेविला आणि पट्टी विझेतो बसून राहिले. मग दुसरे नाव उचलले. बाळंतिणीचे नाव होते, तिच्या पुढे मुलाचे नाव नव्हते, नुसते "बाळ, सहा दिवस" ऐसे लिहिले होते, तेही वेगळे उचलावे लागले. ऐसे करीत सात वेळा पट्टी उमटली, सात वेळा यंत्राने विचारिले, आणि पंत सातही वेळा हात मांडीवर ठेवून बसले. शेवटले नाव राणू कोतवालाचे होते. त्याची पट्टी विझली तेव्हा कचेरीत माणसे येऊ लागली होती, आणि एका कारकुनाने पंतांस विचारिले, चहा घेणार काय. पंत म्हणाले, नको.

येणेप्रमाणे जाहले. अकरा होते, चार राहिले, सात गेले. तांबुळवाडी पुढे टेकाडावर वसली. द्वारकाबाई कचेरीत परत आल्या नाहीत. सुधन्वापंत तेथेच आहेत. जे कागदावरून कळले ते कागदावरून, जे तोंडून कळले ते तोंडून लिहिले. अधिक लिहिले असेल ते वाचणाराने खोडावे, आणि कमी लिहिले असेल त्याचा दोष लिहिणाराकडे. लेखनसीमा.